न्येपीच्या दिवशी विमान सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्यांचा हंगाम आला की मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत बाली बेट हमखास उगवते. पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, चाफ्याची फुले तरंगणारा तलाव, दरीवर बांधलेला झोका. हल्ली त्यात 'लॅपटॉप घ्या आणि बालीतच राहा, शहरातल्या फ्लॅटच्या भाड्यात व्हिला मिळतो' या सल्ल्याची भर पडली आहे. यात खोटे काही नसते, पण मजकूर अर्ध्यावर थांबतो. बालीला येणाऱ्या परदेशी प्रवाशांत ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल आता भारतीय आहेत आणि त्यांत मराठी कुटुंबे, मधुचंद्राची जोडपी, अलीकडे लग्नाची आख्खी वऱ्हाडेही असतात. म्हणून राहिलेला अर्धा मजकूर कुणीतरी छापायला हवा.

एक गोष्ट आधी सांगतो, बाकी पत्र त्याचाच तपशील आहे. परदेशी माणसाला बालीत जे आवडते आणि ज्याने तो रोज वैतागतो, ते बहुतेक वेळा एकच असते. दारोदारी फुलांची पत्रावळ ठेवणारे गाव आवडते, पण त्याच गावाने मिरवणुकीसाठी रस्ता अडवला की विमान चुकते. भातखाचरांमधली वाट आवडते, पण त्याच वाटेचा आज मुख्य रस्ता झालेला असतो आणि त्यावर तासभर अडकावे लागते. बेट सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जरासेच मोठे. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख होती. बालीची आज ४४ लाखांच्या आसपास आहे आणि २०२४ या एका वर्षात ६३ लाखांवर परदेशी पाहुणे तिथे उतरले. इंडोनेशियातून येणारे पाहुणे वेगळेच.

सुरुवात पंचांगापासून करावी लागते, कारण बालीत सगळे तिथूनच सुरू होते. बालीचे हिंदू शकच मोजतात, आपण मोजतो तोच. त्यांचा वर्षारंभ म्हणजे न्येपी. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला होती आणि गुढीपाडवा ३० मार्चला. २०२६ मध्ये दोन्हींची तारीख एकच, १९ मार्च. पण दरवर्षी असे जुळत नाही. अधिक मास धरण्याची त्यांची रीत वेगळी असल्याने २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला झाली आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. तेव्हा 'पाडव्याच्या आसपास असेल' असा अंदाज करून तिकीट काढू नये, त्या वर्षीची तारीख पाहूनच काढावे.

कारण आपण पाडव्याला ढोल-ताशे लावून शोभायात्रा काढतो, ते नवे वर्ष मौनात घालवतात. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. हा नियम परदेशी माणसालाही लागू आहे. विमानतळ पूर्ण २४ तास बंद. २०१८ पासून मोबाइलचे इंटरनेटही बंद ठेवतात. चौकटीची लुंगी नेसलेले पेचालांग, म्हणजे गावाचे पहारेकरी, रस्त्यावर फिरतात. खिडकीतून उजेड बाहेर दिसला तरी दार वाजवतात. रुग्ण आणि प्रसूती यांना सूट असते, समुद्रावर फेरफटका मारणाऱ्याला नसते. हॉटेलात उतरलेल्यांचे फारसे बिघडत नाही, आवारात जेवण मिळते. पंचाईत होते ती व्हिला भाड्याने घेतलेल्यांची. आदल्या दिवशी दुपारपासून दुकाने मिटू लागतात, संध्याकाळी ओगोह-ओगोह या राक्षसांच्या प्रचंड पुतळ्यांच्या मिरवणुकांसाठी रस्ते बंद होतात आणि घरपोच जेवण आणणारे कुणी उरत नाही. दोन दिवसांचे खाणे, पिण्याचे पाणी आणि रोख रक्कम आदल्या सकाळीच घरात हवी. आणि एवढे केले तर सांगतो, त्या रात्रीचे बालीचे आकाश पाहण्यासारखे असते. दिवा एकही नसतो.

दुसरे पंचांग २१० दिवसांचे. त्यामुळे गालुंगान हा त्यांचा मोठा सण इंग्रजी वर्षात दोनदाही येतो: २०२५ मध्ये २३ एप्रिल आणि १९ नोव्हेंबर, त्यानंतर १७ जून २०२६. दहा दिवसांनी कुनिंगान. गालुंगानच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी चालक, स्वयंपाकी, सफाईवाले आपापल्या गावी जातात. 'पैसे देऊनही माणूस मिळत नाही' ही परदेशी रहिवाशांची तक्रार बहुतेकदा याच आठवड्यातली असते. गणपतीत चाकरमानी कोकणात गेल्यावर मुंबईत काय होते, हे ठाऊक असलेल्या माणसाने तरी ही तक्रार करू नये.

आता रस्ते. विमानतळ दक्षिणेच्या चिंचोळ्या भागात, मोठी हॉटेले त्याच्या भोवती, बाजूच्या किनाऱ्यावर कुता, सेमिन्याक, चांगू. उबुद आत डोंगराकडे, सुमारे ३५ किलोमीटर. हे अंतर कागदावर तासाचे, प्रत्यक्षात दीड ते दोन तासांचे, आणि पावसात किंवा मिरवणुकीत किती ते सांगता येत नाही. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस विमानतळाच्या टोलरस्त्यावर अशी कोंडी झाली की लोक बॅगा ओढत पायी विमानतळाकडे निघाले. उबुदहून परतीचे विमान असेल तर सुटण्याच्या पाच-साडेपाच तास आधी निघावे. शेवटची रात्र सानूर किंवा जिंबारान इथे काढणे त्याहून शहाणपणाचे.

रस्ते रुंद का करत नाहीत, हा प्रश्न परदेशी माणूस पहिल्या आठवड्यात विचारतो. उत्तर खाचरांत आहे. बालीची भातशेती सुबाक या पाणीवाटप मंडळांवर चालते. कुठल्या खाचराला कधी पाणी, कधी लावणी, हे जलमंदिरांच्या भोवती जमून ठरते; २०१२ मध्ये युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारशात घेतले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट, पलीकडे कुणाच्या तरी घराण्याचे देऊळ. देऊळ हलत नाही, पाट बुजवता येत नाही. म्हणून खाचरातली बांधावरची वाट तशीच डांबरी झाली. चांगूमधला 'शॉर्टकट' म्हणून ओळखला जाणारा रस्ता हा त्याचा नमुना: समोरासमोर दोन मोटारी आल्या की एकीने मागे जायचे, आणि कडेने घुसणारी एखादी स्कूटर रोज चिखलात.

यावर परदेशी माणूस जो उपाय काढतो तो स्कूटर. भाडे दिवसाला सत्तर हजार ते लाखभर रुपिया. भारतीय एका रुपयाला आजकाल साधारण १८५ ते १९० रुपिया मिळतात, म्हणजे चार-पाचशे रुपये. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे भारतीयाला वाटते की आपल्याला जमते. जमते खरेच. पण आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो आणि त्यावर दुचाकीचा प्रकार नोंदलेला असावा लागतो. नुसता मोटारीचा परवाना असलेल्या माणसाला भारतात आंतरराष्ट्रीय परवाना काढून दिला तरी तो मोटारीपुरताच. निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून तो काढावा. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष, मूळ भारतीय परवाना सोबत हवा. पोलिसांचा दंड ही यातली लहान बाब. खरा फटका प्रवास विम्यात बसतो. अपघात झाला, पाय मोडला, रुग्णालयाने आगाऊ रक्कम मागितली, आणि विमा कंपनीने परवाना मागितला. त्यावर दुचाकी नसेल किंवा डोक्यावर हेल्मेट नव्हते असे निघाले, तर दावा फेटाळला जातो. पॉलिसीत हे वाक्य असतेच, ते विकत घेताना वाचावे.

स्कूटर ताब्यात घेताना नोंदणीचा कागद सीटखाली आहे ना ते पाहावे, चारही बाजूंनी मोबाइलवर चित्रण करावे आणि पासपोर्ट गहाण ठेवू नये. झेरॉक्सवर काम भागवणारी दुकाने पुष्कळ आहेत. रस्त्याकडेला व्होडकाच्या रिकाम्या बाटल्यांतून पेट्रोल विकतात, ते अडीनडीला ठीक. पंपावर स्वस्त आणि माप खरे. आणखी एक बारीक गोष्ट. स्कूटरचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, नवखा माणूस घाईत उजवीकडून उतरतो आणि पोटरी भाजून घेतो. या डागाला तिथे 'बालीचे चुंबन' म्हणतात. दमट हवेत ती जखम चिघळते, त्यामुळे समुद्रस्नानाचे उरलेले दिवस वाया जातात. डावीकडून उतरावे.

आणि कुत्री. बालीत रेबीज २००८ पासून आहे, अजूनही गेलेला नाही. किनाऱ्यावरचे गोंडस पिल्लू असो की उबुदच्या जंगलातले माकड, चावा किंवा ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लस अनेक डोसांची असते, पहिला लगेच. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते आणि ते प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही; आधी फोन करून विचारावे, नाहीतर दोन तास वाहतुकीत घालवून रिकाम्या हाताने परतावे लागते. 'मुंबईला जाऊन बघू' हे यात चालत नाही. उलुवातूच्या देवळातली माकडे चावण्यापेक्षा चष्मा पळवण्यात तरबेज आहेत. चष्मा दोरीने बांधावा किंवा खिशात ठेवावा.

व्हिसाबद्दल पुरवण्यांत एक ओळ असते, 'विमानतळावरच मिळतो'. मिळतो, पाच लाख रुपियांत, तीस दिवसांचा. ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते. पण तीस दिवस मोजताना उतरल्याचा दिवस हाच पहिला धरतात. रात्री अकराला उतरलात तरी तो एक दिवस गेला. जास्त राहिल्यास दिवसाला दहा लाख रुपिया, म्हणजे सव्वापाच हजारांच्या आसपास रुपये दंड, तोही दरडोई. चार जणांचे कुटुंब एका दिवसाच्या चुकीने एकवीस हजारांना बुडते. व्हिसा एकदाच आणखी तीस दिवसांनी वाढवता येतो. पूर्वी हे काम दलाल परस्पर करत. २०२५ च्या मेअखेरीपासून अर्ज आणि पैसे ऑनलाइन, मात्र छायाचित्र आणि मुलाखतीसाठी स्वतः इमिग्रेशन कार्यालयात जावे लागते, आणि तुम्ही जिथे उतरला आहात त्या भागाचे जे कार्यालय असेल तिथेच. म्हणून मुदत संपण्याच्या निदान दोन आठवडे आधी हालचाल करावी; मध्ये गालुंगान आले की कार्यालयही बंद असते.

याशिवाय दीड लाख रुपियांची पर्यटक पट्टी १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीच्या प्रांतिक सरकारने लावली आहे, ती वेगळी भरायची. ती व्हिसाच्या पैशांत धरलेली नसते, आणि नेमके हेच जाहिरातीतल्या 'सर्व खर्चासह' या शब्दांतून सुटते. आगमनाचा एकत्रित फॉर्म, 'ऑल इंडोनेशिया', उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरावा. तो फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळे बनावट. पासपोर्ट उतरल्याच्या दिवसापासून सहा महिने तरी चालू हवा आणि फाटका नको. पावसात भिजून पाने सुटलेला, मुलाने रेघोट्या मारलेला पासपोर्ट पाहून विमान कंपनी मुंबईतच प्रवाशाला थांबवते, कारण तसा माणूस नेला तर परत आणण्याचा खर्च तिच्या माथी पडतो.

'लॅपटॉपवाल्यां'साठी निराळा, एक वर्षाचा परवाना खरोखरच आहे. अट अशी की इंडोनेशियाबाहेरच्या कंपनीत नोकरी आणि वर्षाला ६० हजार डॉलरचे उत्पन्न. ही ओळ पुरवणीत छापली तर निम्मे लॅपटॉप तिथेच मिटतील. पर्यटक व्हिसावर योगवर्ग घेणे, लग्नाची छायाचित्रे काढून पैसे घेणे, कॅफेत गाणे, हे सगळे 'काम' धरले जाते. त्यासाठी हद्दपारी होते आणि नाव काळ्या यादीत जाते. 'पैसे नाही, नुसते जेवण मिळाले' हा बचाव चालत नाही. बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास करदात्याचे नाते जडते, तेही लक्षात असू द्यावे.

पैशांचा घोळ शून्यांतून सुरू होतो. इंडोनेशियात हजारानंतर स्वल्पविराम नव्हे, टिंब देतात, १५०.००० म्हणजे दीडशे नव्हे, दीड लाख. जेवणाच्या यादीत मात्र तीन शून्ये गाळून नुसते ४५ लिहितात, म्हणजे ४५ हजार. हजाराला 'रिबू' आणि दशलक्षाला 'जुता' हे दोन शब्द पाठ असले की पुष्कळ भागते. किमतीपुढे दोन अधिक चिन्हे असतील तर दहा टक्के कर आणि पाच ते दहा टक्के सेवा आकार वर पडणार. एक लाखाची नोट तांबडी, दहा हजारांची जांभळी. पण दोन हजारांची आणि वीस हजारांची संध्याकाळच्या उजेडात फसवतात.

चलन बदलताना बाजारभावाहून चांगला दर फळ्यावर दिसला, तर फसवणूक मोजण्यात आहे असे समजावे. कपड्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यातला माणूस मोठ्या रकमेला वीस-वीस हजारांच्या नोटा देतो म्हणजे गठ्ठा जाड होतो. तुम्ही मोजता, बरोबर भरतात. तो 'एकदा पाहतो' म्हणून परत घेतो आणि टेबलावर रास नीट करताना अंगठ्याने पाच-सहा नोटा मागच्या बाजूला खाली सोडतो. उपाय एकच. शेवटचे मोजणारे हात तुमचे असावेत, त्यानंतर गठ्ठा कुणाला द्यायचा नाही. एटीएमचा धोका निराळा आहे. तिथली बरीच यंत्रे आधी नोटा देतात आणि कार्ड सगळ्यात शेवटी बाहेर ढकलतात. आपल्याकडची सवय अशी की पैसे हातात आले की काम संपले. माणूस निघून जातो, यंत्र कार्ड गिळते. परदेशी बँकेचे गिळलेले कार्ड परत मिळवणे फार दुरापास्त, म्हणून दुसरे कार्ड निराळ्या पाकिटात ठेवावे, आणि शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेले यंत्र वापरावे.

शाकाहारी मराठी माणसाचे बालीत हाल होतात असे म्हणतात, ते निम्मे खरे. तेंपे आणि ताहू, म्हणजे सोयाबीनचे आंबवलेले वडीसारखे तुकडे आणि टोफू, हे तिथले रोजचे स्वस्त अन्न आहे. शेंगदाण्याच्या चटणीत कालवलेल्या उकडलेल्या भाज्यांचा गादो-गादो तर आपल्या जिभेला परका वाटतच नाही. अडचण चटणीत आहे. सांबाल जवळपास नेहमी तेरासीत घोटलेले असते आणि तेरासी म्हणजे सुकवून आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. आपल्याकडच्या सुकटीच्या वासाने तो ओळखू येतो, पण शिजल्यावर वास बुजतो. 'साया वेजेतारियान', मी शाकाहारी, एवढे सांगून भागत नाही, कारण कोळंबीचा गोळा हा कुणाच्या लेखी मसाला असतो. 'तांपा तेरासी, तांपा उदांग, तांपा इकान, तांपा तेलूर' असे मोजून सांगावे: तेरासी नको, कोळंबी नको, मासे नकोत, अंडे नको. भाजीच्या पाण्यात कोंबडीच्या रश्शाची पूड असते, तीही विचारावी. 'करूपुक' म्हणजे आपला पापड नव्हे, त्यात बहुधा कोळंबी असते.

नळाचे पाणी पिऊ नये, दात घासायलाही बाटलीचे घ्यावे. बर्फाची भीती मात्र उगाच आहे: मधोमध भोक असलेला नळकांडी बर्फ कारखान्यातला, तो चालतो, लादी फोडून केलेला खडा टाळावा. स्थानिक अराक ही दारू खात्रीच्या ठिकाणाखेरीज घेऊ नये. २००९ मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या अराकने बालीत माणसे मेली, त्यांत परदेशीही होते. मिथेनॉलची चव वेगळी लागत नाही. दुसऱ्या दिवशी दिसायला धूसर झाले तर ती नशा नसते, तडक रुग्णालय गाठावे.

महिनोन् महिने राहणाऱ्यांचे प्रश्न आणखी खालच्या पातळीवरचे. वीज बहुतेक भाड्याच्या घरांत आगाऊ भरायची असते. मोबाइलच्या ॲपवरून किंवा कोपऱ्यावरच्या मिनिमार्केटातून वीस आकड्यांचा क्रमांक विकत घ्यायचा आणि मीटरवर टिपायचा. शिल्लक संपत आली की मीटर टिकटिकत राहतो, बहुधा पहाटे तीनला. घराची मंजूर क्षमता २,२०० व्होल्ट-अँपिअर असेल तर वातानुकूल यंत्र, गिझर आणि किटली एकदम लावली की खटका पडतो. दोन खोल्यांत वातानुकूलन हवे असेल तर ३,५०० पाहून घ्यावे. घराचे पाणी बोअरचे, पंपावर चालते. वीज गेली की पाणीही गेले. २ मे २०२५ ला आख्ख्या बेटाची वीज गेली तेव्हा लोकांना हे एकदमच कळले. वरच्या मजल्यावर टाकी आहे का, हा घर पाहताना तलावाच्या रंगाआधी विचारायचा प्रश्न. प्लग गोल दोन पिनांचे, दाब आपल्यासारखाच, त्यामुळे आपला दोन पिनांचा चार्जर चालतो, जाड तीन पिनांचा बसत नाही. पिण्याचे पाणी १९ लिटरच्या गॅलनमधून. स्वयंपाकाचा हिरवा तीन किलोचा सिलिंडर गरिबांसाठी अनुदानाचा आहे, व्हिलात तो वापरू नये. गुलाबी साडेपाच आणि बारा किलोचे त्यासाठीच असतात.

बुरशी हा पावसाळ्यातला, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते एप्रिलमधला, कायमचा पाहुणा. चामड्याचे बूट, पट्टे, कॅमेऱ्याच्या भिंगाची आतली बाजू यांवर दोन आठवड्यांत पांढरी साय धरते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण छायाचित्रांतल्या त्या भिंती नसलेल्या बैठकीच्या खोलीत ते कितीतरी पटीने होते, कारण दमट हवा अडवायला काही नसतेच. कपाटाला दार असलेली आणि वातानुकूलित अशी निदान एक बंद खोली घरात हवी. गवताच्या छपरातून पाली, तोकेक, म्हणजे मोठी ओरडणारी पाल, आणि रात्री उदमांजर येणार, तेही धरून चालावे. पहाटे चारला कोंबडे, त्यानंतर शेजारच्या बांजारची, म्हणजे गावपंचायतीची, लाकडी घंटा. कोंबड्यांविरुद्ध तक्रारी करणारे परदेशी लोक आहेत. कोंबडे त्यांच्या आधीपासून तिथे आहेत.

शेवटी जमीन. 'बालीत गुंतवणूक' असे मथळे अलीकडे दिसू लागले आहेत, म्हणून यावर सविस्तर लिहितो. तिथे जमीन 'आरे'त मोजतात, आपल्या सातबारावरचा जो 'आर' तोच, शंभर चौरस मीटर. साम्य इथेच संपते. १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला पूर्ण मालकी घेताच येत नाही. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन खासगीत करार करण्याची युक्ती दलाल सुचवतात. तो करार त्याच कायद्याने रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. उरतो तो भाडेपट्टा, बहुधा पंचवीस-तीस वर्षांचा. दर 'एका आराला, एका वर्षाला' असा सांगतात, आणि सगळ्या वर्षांची रक्कम एकदम आगाऊ घेतात. म्हणजे पाच आर, पंचवीस वर्षे, तर सांगितलेल्या दराला सव्वाशेने गुणा. पट्ट्याचे दरवर्षी एक वर्ष संपते, त्यामुळे पंधरा वर्षांनी तो विकायला काढला तर हातात दहाच वर्षे असतात. मुदतवाढीचा दर कसा ठरणार ते करारात आकड्याने किंवा सूत्राने लिहिलेले नसेल आणि 'त्या वेळच्या बाजारभावाने' एवढेच असेल, तर मुदतवाढ आहे असे धरू नये.

सहीआधी चार गोष्टी तपासाव्यात. जमीन कार्यालयात मूळ प्रमाणपत्र खरे आहे का आणि त्यावर कर्जाचा बोजा आहे का. मालकाच्या कुटुंबातल्या सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का. बालीत जमीन घराण्याची असते आणि सहीला राहिलेला एक भाऊ दहा वर्षांनी उगवतो. जमीन कुठल्या पट्ट्यात आहे. शेतीच्या हिरव्या पट्ट्यात बांधकाम परवाना मिळत नाही, दलाल काहीही म्हणो. आणि रस्ता: नकाशात दिसणारी वाट सार्वजनिक आहे की शेजाऱ्याच्या मर्जीची. सुबाकचा पाट जमिनीतून जात असेल तर तो तिथेच राहणार. वाटेत भराव घालून पाट अरुंद केले की पाणी कुठे जाते ते २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पुराने देनपसारला दाखवले, त्यात माणसे दगावली. त्याच वर्षी जुलैत उलुवातूजवळच्या बिंगिन किनाऱ्यावरची चाळीसहून अधिक बांधकामे सरकारने पाडायला घेतली. ती सरकारी जमिनीवर होती आणि वर्षानुवर्षे तिथे पाहुणे उतरत होते. बरीच वर्षे चालले आहे म्हणजे कायदेशीर आहे, हा समज आपल्याकडून तिकडे नेऊ नये.

पत्र लांबले याची कल्पना आहे. कात्री लावायची झाली तर घराचा आणि बुरशीचा मजकूर खुशाल कापावा. न्येपीची तारीख, स्कूटरचा परवाना, कुत्र्याचा चावा आणि नावावर घेतलेली जमीन, या चार जागी कृपया हात लावू नये.

आपला,
एक वाचक, देनपसार (बाली)